वई, गडगा आणि पेट्रोलवर चालणारा कोयता



वसंत व्याख्यानमालेचा पायंडा न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यास घातला. तेव्हापासून अशा व्यासपीठांवर वेदान्तापासून अर्थकारणापर्यंत नाना विषय बोलले गेले. गवत मारण्याच्या आणि कुंपण छाटण्याच्या यंत्राला मात्र हा मान क्वचितच मिळाला असेल. कार्यपत्रिकेतील विषय वाचून काही मंडळी हसली, हे आमच्या कानावर आले आहे. हसण्यास आमची हरकत नाही. पण येथे बसलेल्यांपैकी ज्यांची पाच-पंचवीस कलमे आहेत, काजूची बाग आहे, किंवा निदान परड्याला वई आहे, त्यांनी हात वर करावेत असे म्हटले, तर खाली राहिलेले हात मोजणेच सोपे जाईल. आणि त्या बागेत दसऱ्यानंतर जे यंत्र दिवसभर घरघरत असते, ते बहुधा तुमच्या हातात नसते. रोजावर आलेल्या दुसऱ्या कोणाच्या तरी हातात असते. आजचे बोलणे त्या हातांविषयी, आणि त्याहून अधिक त्या डोळ्यांविषयी आहे.

आपल्या मुलुखात कुंपणाचे प्रकार दोन. जेथे चिरा आणि धोंडा मुबलक, तेथे गडगा; जेथे माती, तेथे वई. वईत काय नसते? शेर, निवडुंग, मोगली एरंड, करवंद, आणि कोणी न लावता उगवलेली शंभर झाडेझुडपे. पावसाळा उलटला की ही वई पाणंदीत अशी झुकते की बैलगाडीला सोडाच, छत्री घेतलेल्या माणसालाही वाट राहत नाही. पूर्वी कमरेच्या आकडीला कोयता लटकवून घरचा गडी सकाळी जाई आणि दुपारपर्यंत वई सारखी करून येई. बागेची बेणणी चारचौघे मिळून करीत. हे सारे कोयत्याच्या बळावर चाले, आणि कोयत्याचा एक मोठा गुण असा की तो माणसाच्या हाताच्या वेगानेच चालतो. हात थांबला की कोयता थांबतो.

मग माणसे मुंबईस गेली आणि बागा मात्र वाढल्या. १९९० साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवडीची योजना महाराष्ट्रात आली, आणि पूर्वी नुसते गवत उगवणाऱ्या कातळा-वरकसावर आंबा-काजूची रोपे दिसू लागली. झाडे लावायला सरकारने हात दिला, पण झाडाखालचे गवत दरवर्षी कोणी काढायचे, हा प्रश्न बागायतदाराकडेच राहिला. गावात माणूस मिळेना, मिळाला तर परवडेना. अशा वेळी खांद्याला पट्ट्याने अडकवायचे, लांब नळीच्या टोकाला पाते फिरणारे यंत्र बाजारात आले. पुढे शेती यांत्रिकीकरणाच्या योजनांतून त्याला अनुदानही मिळू लागले. आपण त्याला ग्रासकटर म्हणतो, आणि आम्हीही तेच म्हणू. एक माणूस त्या यंत्राने चारपाच माणसांचे काम उरकतो. यंत्राच्या विरुद्ध बोलण्यासाठी आम्ही येथे उभे नाही. बागा राखायच्या असतील तर आज त्यावाचून गत्यंतर नाही, हे आम्ही मानतो.

या यंत्राच्या कुळाची एक गंमत सांगण्याजोगी आहे. पात्याऐवजी नायलॉनची दोरी फिरवून गवत कापण्याची कल्पना अमेरिकेतील ह्यूस्टन शहरी जॉर्ज बालास नावाच्या गृहस्थांना १९७१च्या सुमारास सुचली. मोटारी धुण्याच्या कारखान्यात गरगर फिरणारे ब्रश त्यांनी पाहिले. थांबले असता लोंबणारे ब्रशाचे केस फिरू लागले की ताठ होतात आणि कानाकोपऱ्यात शिरतात. घरी येऊन त्यांनी एका पत्र्याच्या डब्याला भोके पाडली, त्यांतून दोऱ्या ओवल्या आणि तो डबा फिरत्या यंत्राला लावला. गवत कापले गेले. यात आपल्या कामाचे एवढेच की कापण्याचे बळ धारेत नसून वेगात आहे. मऊ दोरीसुद्धा वेगाने फिरली तर कापते. ज्याला हे कळले त्याला पुढचे निम्मे व्याख्यान आपोआप कळेल.

तेव्हा हा वेग किती ते पाहू. आपल्याकडे सर्रास वापरले जाणारे लोखंडी पाते सुमारे दहा इंच व्यासाचे, म्हणजे २५५ मिलिमीटरचे असते. यंत्र भरात आले की पाते मिनिटाला सातआठ हजार फेरे घेते. सात हजारच धरा. एका फेऱ्यात पात्याचे टोक सुमारे ८० सेंटिमीटर अंतर तोडते. सात हजार फेऱ्यांत साडेपाच किलोमीटरांहून अधिक. आणि तासाचा हिशेब केला तर सुमारे ३३६ किलोमीटर. आपल्या नांदगाव रोड स्थानकावरून न थांबता धडधडत जाणारी गाडी पाहून आपण दोन पावले मागे सरतो. तिच्या दुपटीहून अधिक वेगाचे लोखंड आपण पायापासून चार हातांवर फिरवीत असतो, आणि तेही पुष्कळदा अनवाणी.

आता ही गोष्ट काळ्या मातीच्या देशात वेगळी आणि आपल्या जांभ्याच्या देशात वेगळी. घाटावरच्या सपाट शेतात पात्याला ढेकूळ लागले तर फुटून जाते. येथे गवताच्या बुडाशी जांभ्याचे खडे असतात, गडग्यातून सुटलेले चिरे असतात, आणि वईत कोण्या आजोबांनी पूर्वी कधी ताणलेली काटेरी तार गंजून गवताखाली पडलेली असते. पात्याचे टोक खड्याला लागले की खडा निघतो, तारेला लागले की तारेचा इंचभर तुकडा निघतो, आणि तो कोठे जाईल हे कोणाच्याही हाती उरत नाही. म्हणून यंत्रासोबत येणाऱ्या पुस्तिकांत बहुधा असे छापलेले असते की चालत्या यंत्रापासून पंधरा मीटरांच्या आत दुसऱ्या कोणी येऊ नये. पंधरा मीटर म्हणजे सुमारे पन्नास फूट. आपल्याकडे काय दिसते? पुढे यंत्रवाला, आणि त्याच्या मागोमाग पाचसहा फुटांवर कापलेले गवत गोळा करणारी बाई. तिच्या डोळ्याला चष्मा नसतो, आणि तिला सावध करावे तर यंत्राच्या आवाजात हाक ऐकू जात नाही. उपाय साधा आहे आणि त्याला पैसा पडत नाही. यंत्र एका कोपऱ्यात, गोळा करणारी माणसे दुसऱ्या कोपऱ्यात. एका पट्ट्याचे कापणे पुरे झाल्यावर यंत्र बंद करून मग गवत ओढायचे. जवळ यायचेच असेल तर समोरून, यंत्रवाल्याला दिसेल असे यावे. पाठीमागून येऊन खांद्यावर हात ठेवू नये. दचकलेला माणूस गर्रकन वळतो, आणि त्याच्याबरोबर पातेही वळते.

पाते फिरते कोणत्या दिशेने, याकडे किती जणांचे लक्ष असते? धरणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर बहुतेक यंत्रांत ते उजवीकडून डावीकडे, घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरते. म्हणून गवत उजवीकडून डावीकडे झाडीत जावे. कापलेले डावीकडे पडते आणि पुढची वाट मोकळी दिसते. पात्याला घड्याळाची तबकडी समजा. बारा ते तीन या भागाने बुंधा, खुंट किंवा चिरा यांना कधी शिवू नये. त्या भागाने घट्ट वस्तूला स्पर्श झाला की पाते कापत नाही, उसळते, आणि सारे यंत्र एकाएकी बाजूला फेकले जाते. काजूचा खुंट गवतात लपलेला असतो, म्हणून काम सुरू करण्यापूर्वी एकदा कोयता घेऊन बाग फिरावी, खुंट व चिरे पाहून ठेवावेत, तारा उचलाव्यात. अर्ध्या तासाचे काम आहे. गडग्याच्या कडेला तर लोखंडी पाते नेऊच नये. तेथे नायलॉनची दोरी लावावी.

पात्याची डावी बाजू मात्र धरणाऱ्याच्या दिशेने मागे येत असते. तिच्यावर आदळलेला खडा यायचा तो यंत्र धरणाऱ्याकडेच. म्हणूनच नळीच्या टोकाशी, पात्याच्या मागच्या अंगाला एक झाकण बसविलेले असते. आणि बंधुभगिनींनो, आजच्या विषयाचे खरे दुखणे ते झाकणच आहे. यंत्र विकत आणले की पहिल्या आठवड्यात त्याचे झाकण निघते. ते का निघते हे आम्ही अनेकांना विचारले. ओले गवत त्यात अडकते, यंत्र जड होते, काम धिमे होते, अशी उत्तरे मिळाली. ती खोटी नाहीत. उक्त्यावर काम घेतलेल्या माणसाला दिवसाकाठी दोन गुंठे कमी कापून परवडत नाही, आणि त्याला उक्ते देणाराही घाईत असतो. ‘काय होवचा नाय’ या मालवणी मंत्राने दोघांचे समाधान होते. खंडेनवमीला त्याच यंत्राला आपण झेंडूची माळ घालतो, हळदकुंकू वाहतो. आणि ज्या एका तुकड्यावर माणसाचा डोळा अवलंबून, तो तुकडा गोठ्याच्या माळ्यावर धूळ खात पडलेला असतो! आमच्या मते दोष यंत्रवाल्याचा कमी आणि काम देणाऱ्याचा अधिक आहे. झाकण लावून आल्याशिवाय आमच्या बागेत यंत्र सुरू होणार नाही, असे बागायतदाराने सांगावे, आणि त्यापायी जो अर्धा दिवस जास्त लागेल त्याचे पैसे द्यावेत. फुकटचा आग्रह कोणी पाळत नाही.

नायलॉनची दोरी तुटते म्हणून तिच्याऐवजी बांधायची तार किंवा साखळीचा तुकडा लावण्याची युक्ती काही जण करतात. ही युक्ती प्राणघातक आहे. फिरणारी दोरी तुटली तर गवतात पडते. साखळीची कडी तुटली तर बंदुकीच्या गोळीसारखी जाते. इंग्लंडात अशा साखळीच्या जोडणीमुळे एकाचा जीव गेल्यानंतर युरोपीय संघाने २०१२ साली तसल्या जोडण्यांच्या विक्रीवर बंदी घातली. तिकडे दुकानात मिळणारी वस्तू बंद झाली. आपल्याकडे ती घरी तयार होते, तेव्हा तिच्यावर बंदी घालणार कोण?

कायद्याची गोष्ट निघालीच आहे तर दोन शब्द त्याविषयी. यंत्राचा फिरता भाग झाकला पाहिजे, हा दंडक १९४८च्या कारखाने कायद्याने घातला. पण तो गिरणीच्या भिंतीच्या आतला. पंजाब-हरियाणात मळणीयंत्रांत शेतमजुरांचे हात जाऊ लागले, तेव्हा कोठे १९८३ साली केंद्राने धोकादायक यंत्रांसाठी वेगळा कायदा केला. आमचा विचार असा की बागेत पोलीस वा निरीक्षक पाहणीला येईल याची वाट पाहण्यात अर्थ नाही. १९२३च्या कामगार भरपाई कायद्याच्या परिशिष्टात एका डोळ्याची दृष्टी गेली तर कमावण्याच्या शक्तीची हानी ३० टक्के धरली होती. हे गणित ज्याने केले त्याने ते सद्भावनेनेच केले असेल. पण एका डोळ्याने माडावर चढणाऱ्या, एका डोळ्याने होडी लावणाऱ्या माणसाला विचारा. तो ३० टक्के म्हणणार नाही. शिवाय आपल्या बागांत राबणारा पुष्कळसा मजूर आता परमुलखातून, अगदी नेपाळातूनही येतो. त्याचे नाव कोणत्याही वहीत नसते आणि दुखापत झाली तर भरपाई कोठे मागायची हे त्याला ठाऊक नसते.

आता कुंपण छाटण्याच्या खास यंत्राकडे वळू. हेज ट्रिमर नावाचे हे यंत्र आपल्याकडे त्या मानाने नवे. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, किनाऱ्याला निवासस्थाने झाली, त्यांच्यापुढे मेंदीची आणि डुरांटाची सरळ रेषेत कापलेली कुंपणे आली, आणि त्यांबरोबर हे यंत्रही आले. करवतीसारख्या दात्यांच्या दोन पट्ट्या एकीवर एक मागेपुढे सरकतात, आणि मध्ये येईल ते कातरले जाते. बोट आणि फांदी यांत ती भेद करीत नाहीत. चांगल्या यंत्राला दोन खटके असतात. दोन्ही हात दोन्ही खटक्यांवर असले तरच ते चालते. यातली योजना उघड आहे: दोन्ही हात मुठीवर गुंतले म्हणजे तिसरा हात पात्यात जायला नाही. पण एक खटका चिकटपट्टीने बांधून ठेवणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. एका हाताने यंत्र आणि दुसऱ्या हाताने फांदी, अशी त्यांची तऱ्हा. शिडीवर चढून, हात लांबवून छाटणे हा त्याचाच थोरला भाऊ. उंच वईला लांब दांड्याचे यंत्र घ्यावे, नाहीतर सरळ कोयता घ्यावा. फांदी दात्यांत अडकली की आधी यंत्र बंद, मग विजेचे असेल तर खटक्यावर न विसंबता पिन काढणे आणि पेट्रोलचे असेल तर प्लगची टोपी काढणे, आणि त्यानंतरच हात. हा नियम ग्रासकटरलाही जसाच्या तसा लागू. त्यातही एक तपासून पाहावे: ग्रासकटरचे इंजिन मंद सोडले असता पाते स्थिर राहिले पाहिजे. मंद गतीतही ते फिरत असेल तर यंत्र मेकॅनिककडे न्यावे, बागेत नाही.

विजेवरच्या यंत्राची वायर नेहमी खांद्यावरून पाठीमागे असावी. जिकडे छाटणे चालले आहे तिकडे कधी नसावी. आपली हवा खारी आणि दमट. चिकटपट्टीने जोडलेल्या वायरी ओल्या गवतावरून ओढणे म्हणजे मरणाला आवतण. घरात ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारे उपकरण बसवलेले असेल तर त्याच फळीवरून वायर घ्यावी. बसवलेले नसेल तर पावसात आणि दवात विजेचे यंत्र हाती धरू नये.

वईत नुसती झाडे नसतात, तेथे एक वस्ती असते, हे यंत्र घेतलेला माणूस विसरतो. शेराचा चीक डोळ्यात गेला तर डोळा इतका भडकतो की काही काळ दिसेनासे होते. कोयत्याने शेर तोडला तर चीक थेंबाथेंबाने गळतो. यंत्राने तोडला तर त्याचा फवारा उडतो. खाजकुयलीच्या वाळल्या शेंगांवर पाते गेले तर त्यांची लव हवेत पसरते, आणि मग यंत्र टाकून माणूस ओढ्याकडे धावतो. गांधीलमाश्यांचे पोळे वईत असेल तर त्यांना यंत्राच्या धडधडीची चीड येते, आणि आवाजात त्यांचे गुणगुणणे ऐकू येत नाही. फुरसे दगडाखाली असते. दोडामार्गाकडे २०१६ साली माकडतापाची साथ आली, ती पसरविणाऱ्या गोचिड्याही अशाच झाडोऱ्यात असतात. म्हणून पूर्ण बाहीचा सदरा, जाड पँट, गुडघ्यापर्यंतचे बूट, हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवा. लुंगी नको आणि गळ्यातला सुटा टॉवेलही नको. चष्मा म्हणजे उन्हाचा काळा चष्मा नव्हे. बाजूने बंद असलेला, न फुटणारा. नुसती जाळीची ढाल पुरत नाही, कारण जाळीतून चीक आत येतो आणि बारीक खडाही येतो. चष्म्याची किंमत यंत्राच्या किमतीपुढे नगण्य आहे.

आणखी एक गोष्ट शिमग्याच्या आसपासची. गवत वाळले असता तापलेले इंजिन त्यावर टेकवून ठेवू नये, आणि गरम टाकीत पेट्रोल ओतू नये. दहा मिनिटे थांबावे, उघड्या जमिनीवर जाऊन भरावे, सांडले तर पुसावे, आणि भरलेल्या जागेपासून दूर जाऊन यंत्र सुरू करावे. भरताना तोंडात विडी नको, हे सांगावे लागते याचेच वाईट वाटते. काजूच्या बागेला वणवा लागला की दहा वर्षांची मेहनत एका दुपारी जाते.

कान आणि बोटे यांची हानी हळू होते, म्हणून तिची कोणी तक्रार करीत नाही. अमेरिकेतील इंडियाना प्रांतात चुनखडीच्या खाणींत हवेच्या दाबावर चालणारे हातोडे धरणाऱ्या कामगारांची बोटे थंडीत पांढरी पडत. डॉ. ॲलिस हॅमिल्टन या विदुषीने १९१८ साली त्यांना तपासून दाखविले की हा दोष हातोड्याच्या कंपाचा आहे. ग्रासकटरच्या मुठीतून तोच कंप हातात शिरतो. आपल्याकडे तशी थंडी नाही म्हणून बोटे पांढरी दिसणार नाहीत कदाचित. पण रात्री मुंग्या येणे आणि सदऱ्याचे बटण लावताना बोटे न वळणे ही लक्षणे यंत्रवाल्यांना विचारून पाहा. कापसाचे बोळे कानाला पुरत नाहीत, कानावर बसणारी टोपणे लागतात. आणि एकाच माणसाने दिवसभर यंत्र धरण्याऐवजी दोघांनी तासातासाने आलटून-पालटून धरावे.

इतके करूनही काही घडलेच, तर काय करावे? डोळ्यात शेराचा चीक गेला तर लगेच स्वच्छ पाण्याच्या धारेने पंधरा-वीस मिनिटे डोळा धुवावा आणि मग डॉक्टरकडे जावे. डोळ्यात खडा वा तारेचा तुकडा घुसला असेल तर याच्या नेमके उलटे: पाणी नको, चोळणे नको, तुकडा काढायचा प्रयत्न तर मुळीच नको. डोळ्यावर दाब न पडेल अशी एखादी छोटी वाटी उपडी धरून ती बांधावी आणि रुग्णालय गाठावे. येथे एक फसवी गोष्ट आहे. वेगाने घुसलेला बारीक तुकडा कधी कधी फारसा दुखत नाही. ‘काहीतरी गेल्यासारखे वाटले होते, आता बरे आहे,’ असे म्हणत माणूस चार दिवस काम करतो, आणि पाचव्या दिवशी डोळा लाल होऊन येतो. यंत्र चालवताना डोळ्याला काही लागले असे वाटले की त्याच दिवशी डोळा दाखवावा. जखमेतून रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडक्याने घट्ट दाबून धरावे. हळद, चुना, पेट्रोल यांतले काही भरू नये. बोट तुटून वेगळे झाले असेल तर ते ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावे, पिशवीचे तोंड बांधावे, आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोट उघडे बर्फावर ठेवू नये. माणसाबरोबर तेही न्यावे. धनुर्वाताची सुई तर प्रत्येक जखमेला विचारून घ्यावी.

आम्ही एक ग्रासकटर आणि एक हेज ट्रिमर मंडपाबाहेर बाकावर आणून ठेवले आहेत. ग्रासकटरची टाकी रिकामी आहे आणि प्लगची टोपी काढलेली आहे. त्याचे झाकण बाजूला ठेवले आहे; दोन स्क्रूंनी ते बसते. ज्यांच्या घरी ते माळ्यावर पडले असेल त्यांनी स्वतःच्या हाताने बसवून पाहावे, आणि प्रश्न असतील ते तेथेच विचारावेत.